श्रुती, स्मृती, वृद्धाचार, मार्गरूढी : अभ्याससाधनांचा विचार

सन 2024 पासून श्रीक्षेत्र रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ कार्यरत आहे. पूर्वी आपल्या मठांकडे वर्षाकाठी एखाददुसरा संशोधक येत असे. आता विद्यार्थी वारंवार येतात, आणि आपल्या मार्गातील तरुण साधक व वासनिक मंडळीही प्रबंध लिहू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. या अभ्यासकांना प्रारंभीच शिकविले जाते की, माहितीची साधने तीन प्रकारची असतात. घटनेच्या अगदी निकटची ती प्राथमिक, प्राथमिकाच्या आधारे लिहिलेली ती दुय्यम, आणि दुय्यमांचा सारसंग्रह करणारे कोश-सूची इत्यादी ती तृतीयक. हा विभाग उपयुक्त आहे. परंतु ब्रह्मविद्येच्या अभ्यासाला तो जसाच्या तसा लावला असता घोटाळा होतो, आणि त्या घोटाळ्याचे परिणाम केवळ परीक्षेतील गुणांपुरते राहत नाहीत. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

आपल्या पूर्वाचार्यांनी प्रमाणांची एक उतरंड लावून दिलेली आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे वचन ती श्रुती. आचार्य श्रीनागदेव अर्थात भटोबास यांचे वचन ती स्मृती. त्यांच्या पाठीमागील वृद्धजनांनी जे आचरिले तो वृद्धाचार. आणि पुढे परंपरेने मार्गात जे रूढ झाले ती मार्गरूढी. वरच्या पायरीशी विरोध आला तर खालचीने मागे सरावयाचे, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. विद्यापीठीय विभाग विचारतो की साक्षीदार घटनेच्या किती जवळ होता. आपली उतरंड विचारते की बोलणारा कोण होता. पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा अधिकाराचा. हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजणे ही नवशिक्यांची पहिली चूक, आणि त्यांपैकी एकाचीच गरज आहे असे समजणे ही पुष्कळदा जाणत्यांची.

एक उदाहरण घेऊ. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या महंतांनी केलेले सूत्रभाष्य समोर आहे. स्वामींनी काय सांगितले या प्रश्नापुरते ते दुय्यम साधन होय. परंतु तीनशे वर्षांपूर्वी आपल्या मठांतून ते सूत्र कसे शिकविले जात होते, हा प्रश्न असेल तर तेच भाष्य प्राथमिक साधन ठरते. ग्रंथ तोच, अक्षरे तीच. प्रश्न बदलला की साधनाची जात बदलते. म्हणून "लीळाचरित्र प्राथमिक, भाष्य दुय्यम" अशी यादी पाठ करून काही साधत नाही. आधी आपला प्रश्न कोणता ते लिहून काढावे आणि मग त्या प्रश्नापुरते साधन कोणत्या जातीचे ते ठरवावे.

अधिकाराच्या बाजूने याचे महत्त्व किती आहे, ते दृष्टांतपाठात फार स्पष्ट दिसते. केशोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात 114 दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची रचना सामान्यतः तीन अंगांची आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. यांपैकी सूत्र व दृष्टांत हे स्वामींचे. दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांत सिद्धान्ताला कसा लागू करावयाचा याचे विवरण, हे केशोबासांचे. एकाच पानावर, एकाच शाईत, एकाच लेखकाच्या हातून उतरलेले हे दोन निरनिराळे थर आहेत. केशोबासांची योग्यता थोर आहे आणि दार्ष्टान्तिकाचा आधार घेतल्यावाचून पुष्कळ दृष्टांत उलगडत नाहीत, हे खरे. तरीही दार्ष्टान्तिकातील वाक्य उचलून "स्वामी म्हणतात" असे लिहिणे म्हणजे एका जीवाचे वचन परमेश्वराच्या मुखी घालणे होय. परमेश्वर आणि जीव हे भिन्न पदार्थ आहेत असे ज्यांचे शास्त्र प्रतिपादन करते, त्यांच्याच लेखणीतून हे घडावे, यासारखी विसंगती नाही. आज मोबाईलवर सुविचारांची जी चित्रे फिरतात, त्यांत स्वामींच्या नावाखाली छापलेली वाक्ये कोठून आली, हे कोणी विचारीत नाही. काही वाक्यांची भाषाच सांगते की ती आजकालची आहेत.

लीळाचरित्राचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी या लीळा एकत्र केल्या. रिद्धपुरी वाजेश्वरी येथे भटोबासांच्या सान्निध्यात हे कार्य झाले. ज्या भक्ताच्या संबंधात लीळा घडली त्याला गाठावयाचे, त्याच्या मुखातून ती ऐकावयाची, आणि भटोबासांकडून तिची शहानिशा करून घ्यावयाची, ही त्यांची रीत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती आणि जाणत्याकडून पडताळणी. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी गद्याच्या आरंभीच ही शिस्त दिसावी, याचे विद्वानांना वाटणारे नवल योग्यच आहे.

परंतु म्हाइंभटांच्या हातची मूळ प्रत आज आपल्याजवळ नाही. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती नष्ट झाली आणि नंतर निरनिराळ्या वृद्धांनी स्मरणाच्या बळावर तिचा पुन्हा संग्रह केला, असे परंपरा सांगते. त्यांतूनच हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांच्या नावांशी निगडित असलेले पाठ निर्माण झाले. म्हणून आज आपण जे वाचतो ते म्हाइंभटांचे लीळाचरित्र खरे, पण ते एका वा अनेक स्मरणांच्या गाळणीतून आलेले. हे सांगितल्याने ग्रंथाला उणेपणा येतो असे काही श्रद्धाळूंना वाटते. वस्तुतः उलट आहे. पोथी लिहिणाऱ्यांनी हे मतभेद लपविले नाहीत. मूळ हकिगतीच्या पुढे "वासना" म्हणून दुसऱ्याच्या स्मरणातील निराळा पाठ नोंदविला, "शोध" म्हणून मागाहून मिळालेली भर वेगळी दाखविली, आणि कित्येकदा ते स्मरण कोणाचे तेही नाव घालून सांगितले. आजचा वाचक "वासना" हा शब्द पाहून दचकतो, कारण त्याच्या मनात त्या शब्दाचा प्रचलित अर्थ असतो. शब्दांचे असे पालटलेले अर्थ पाहण्यासाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999) हाताशी असावा. तो तृतीयक साधन आहे म्हणून त्याला कमी लेखू नये.

या ग्रंथाच्या मुद्रित आवृत्त्यांविषयीही सावध असावे. ह. ना. नेने, तुळपुळे आणि वि. भि. कोलते या तिन्ही संपादकांनी निरनिराळ्या पोथ्या वापरल्या. त्यामुळे लीळांचे अनुक्रमांक, शीर्षके आणि क्वचित पाठही एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत जुळत नाहीत. "लीळा क्रमांक अमुक" एवढेच लिहिलेला संदर्भ निरुपयोगी आहे. एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध, संपादक कोण आणि आवृत्ती कोणत्या वर्षाची, हे सर्व सांगितले तरच दुसरा अभ्यासक त्या स्थळी पोहोचतो. संपादकाची प्रस्तावना ही दुय्यम आणि तळटीपेतील पाठभेद हे प्राथमिक, हेही येथेच ध्यानात घ्यावे. पुष्कळ जण प्रस्तावना मन लावून वाचतात आणि तळटीपा सोडून देतात.

सूत्रपाठाची गोष्ट आणखी निराळी. केशोबासांनी लीळांमधून स्वामींची वचने निवडून ती विषयवार लाविली. वचन शुद्ध श्रुतीचे. पण ते कोणत्या गावी, कोणाला, कोणत्या निमित्ताने निरूपिले, तो संदर्भ निवडीत सुटला. तो पुन्हा जोडून देण्यासाठी पूर्वाचार्यांनी प्रकरणवश सिद्ध केला. एका विशिष्ट भक्ताच्या विशिष्ट दोषावर स्वामींनी योजिलेले वचन सर्वांस सर्वकाळ लागू करणे, किंवा सर्वांसाठी असलेला विधी "तो अमक्यापुरताच होता" म्हणून टाळणे, या दोन्ही अनर्थांपासून वाचण्याचा उपाय तोच. सूत्र उद्धृत करणाऱ्याने प्रकरण पाहिले आहे की नाही, हे जाणत्या वाचकाला त्याच्या दुसऱ्याच वाक्यावरून कळते.

आता एक प्रश्न प्रत्यक्ष सोडवून पाहू. शालेय पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र एक विधान आढळते : श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना मराठीतच ग्रंथ लिहिण्याची आज्ञा केली. याला आधार काय? कोश पाहिला तर तेथे हेच विधान थोड्याफार फरकाने सापडते. वाङ्मयाचे इतिहास उघडले तर पुष्कळदा दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. त्या वेगळ्या करण्यासाठी मुळाकडेच जावे लागते. आचार प्रकरणात महाराष्ट्रात वास करावा अशा अर्थाचे स्वामींचे वचन आहे. ते साधकाने राहावे कोठे याविषयीचे आहे, ग्रंथलेखनाच्या भाषेविषयीचे नव्हे. भाषेचा प्रसंग येतो तो स्मृतिस्थळात. संस्कृतातून केलेली पृच्छा भटोबासांनी नाकारली आणि आपल्याला स्वामींनी मराठीतूनच निरूपिले असे सांगितले. तसेच केशोबास शास्त्र संस्कृतात आणू पाहत असता, तसे केल्याने वृद्ध, अशिक्षित स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील म्हणून त्यांना आवरले. म्हणजे स्वामींनी मराठीतून निरूपण केले ही श्रुतीची वस्तुस्थिती. शास्त्रग्रंथ मराठीत असावे हा स्मृतीचा निर्णय, आणि त्याचे कारण भटोबासांची करुणा. शिवाय याच केशोबासांच्या नावावर संस्कृत रत्नमालास्तोत्र आहे, हे ध्यानी घेता निषेध संस्कृत भाषेचा नव्हता, सामान्यांपासून शास्त्र दूर नेण्याचा होता, असा अर्थ निघतो. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रचलित विधानापेक्षा हा अर्थ अधिक थोर आहे. तो केवळ साधनांचे थर वेगळे केल्याने हाती लागला.

मुद्रित ग्रंथांवर न थांबता हस्तलिखित पोथीपर्यंत ज्यांना जावयाचे आहे त्यांनी प्रथम पोथीचे शेवटचे पान पाहावे. तेथे शक, संवत्सर, मास, तिथी, स्थळ, लेखकाचे व त्याच्या गुरूचे नाव असते. हा काळ प्रतीचा असतो, ग्रंथाचा नव्हे. शिवाय नकलणारा कधी कधी आपल्या समोरच्या प्रतीतील समाप्तिलेखही जसाच्या तसा उतरवितो, त्यामुळे नवी पोथी जुन्या शकाची भासते. येथे एक साधी पडताळणी करता येते. शकाच्या आकड्यात 12 मिळवून 60 ने भागावे; बाकी उरेल तो प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक, आणि बाकी शून्य आल्यास साठावा क्षय संवत्सर. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके 1596 मधील. त्यात 12 मिळविले असता 1608 होतात, 60 ने भागता बाकी 48, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. इतिहासात आनंदनाम संवत्सरच नोंदलेला आहे. पोथीतील शक व संवत्सर असे जुळत नसतील तर कोठे तरी अंक चुकला आहे, किंवा समाप्तिलेख मागाहून घातला आहे. अशी पोथी टाकाऊ ठरत नाही, पण तिच्या कालाविषयी निश्चयाने बोलू नये.

लिपीचा प्रश्नही आहेच. सकळ आणि तिच्यासारख्या सांकेतिक लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे योजिलेले असते. लिप्यंतर करताना एक अक्षर चुकले तरी कधी कधी दुसराच अर्थपूर्ण शब्द तयार होतो, आणि चूक झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून लिप्यंतर हे मूळ नव्हे. ते मुळावरचे पहिले भाष्य होय, असे समजून वागावे. पोथीचे फोटो घेताना दोन्ही बाजू, समासातील मजकूर आणि पत्रांक यांसह घ्यावेत. मधली चार पाने टिपून आणलेल्या फोटोंवरून ती पोथी कोणती हेही पुढे सांगता येत नाही. एकाच नावाचे अनेक ग्रंथकार ही आपल्याकडची दुसरी अडचण. कृष्णमुनी किती, परशरामबास कोणते, नरेंद्र कोणते, याचा निर्णय अन्वयस्थळातील गुरुशिष्यपरंपरा पाहिल्यावाचून करू नये.

स्थळांच्या बाबतीत मुनिव्यास कोठी यांच्या नावे असलेली स्थानपोथी अमोल आहे. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगास स्वामींचे आसन, अशा तिच्या नोंदी आजही गावात उभे राहून ताडून पाहता येतात. मात्र आजचा ओटा व पोथीतील स्थान यांत अंतर पडले तर पोथीच चुकली असे घाईने ठरवू नये; जीर्णोद्धारात ओटे सरकतात, गावेही सरकतात. 1970 च्या दशकात पैठणजवळ जायकवाडीच्या जलाशयाखाली गोदाकाठची कित्येक गावे गेली. जमीनच दिसेनाशी झाली म्हणजे शब्द हाच एक साक्षी उरतो.

मार्गाबाहेरील साधनांचे दोन वर्ग करावेत. एक तटस्थ समकालीन साधने. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात (शके 1195 ते 1199) रामदेवराव यादव आणि हेमाडपंडित यांची नावे येतात. तो लेख आपल्या मार्गाविषयी एक अक्षर बोलत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. लीळाचरित्रातील राजे व प्रधान हे त्याच काळी खरोखर नांदत होते, हे तो आपल्याशी काही संबंध नसताना सांगतो. दुसरा वर्ग बाहेरून, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या वर्णनांचा. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (1916) "मानभाव" म्हणून एक प्रकरण आहे. त्याचा मोठा भाग पूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या नोंदींवर उभा आहे. आपला मार्ग काय सांगतो यासाठी त्याचा उपयोग नाही. लोक आपल्याला काय समजत होते, यासाठी मात्र तो प्राथमिक पुरावा आहे. अशी वर्णने वाचून संताप येतो. पण पोथ्या आपणच शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंद ठेवल्या होत्या, आणि बाहेरच्याला विचारावयास मूळच उपलब्ध नव्हते, हाही या प्रकरणाचा एक भाग आहे. त्या गुप्ततेने पाठ राखला आणि लौकिक गमावला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडल्यानंतर आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे प्रभृतींनी हे वाङ्मय महाराष्ट्रापुढे मांडल्यानंतरच तो लौकिक हळूहळू परत येऊ लागला.

राहिले मौखिक साधन. मठातील वृद्ध तपस्वी व तपस्विनींच्या स्मरणात पाठांतराच्या चाली आहेत, शब्दांचे मार्गातील विशिष्ट अर्थ आहेत, आणि आम्नायाआम्नायांतील आचारभेदांची कारणे आहेत. यांतील पुष्कळसे कोणत्याही ग्रंथात नाही. विद्यापीठातील काही मंडळी "लिखित आधार नाही" म्हणून ते बाजूला सारतात. मग म्हाइंभटांनी तरी दुसरे काय केले होते? अट एवढीच की त्यांची शिस्त पाळावी. कोणी सांगितले, त्यांनी कोणाकडून ऐकले, कोणत्या गावी व कोणत्या दिवशी, हे त्याच वेळी लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे शब्द आपल्या भाषेत सुधारू नयेत. दोघांनी दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही ठेवावे आणि दुसऱ्यावर "वासना" असे लिहावे. मार्गरूढीविषयी विचारताना विशेषतः हे पाहावे की, सांगणारा "आमच्या गुरूंच्या वेळी असे होते" म्हणतो की "पूर्वीपासून असेच आहे" म्हणतो. पहिल्या उत्तराला काळ आहे, साक्षी आहे आणि ते ताडून पाहता येते. दुसरे उत्तर मिळाल्यावर अभ्यासकाने नम्रपणे आणखी एक प्रश्न विचारावा : आपण हे प्रथम कोणाकडून ऐकलेत? वृद्ध मंडळी बहुधा रागावत नाहीत. ती थोडा वेळ थांबतात, आठवतात, आणि एखादे नाव सांगतात. ते नाव वहीत लिहून घ्यावे, आणि त्या व्यक्तीचा अन्वय पुढे अन्वयस्थळात शोधावा.